शून्य नकार

“म्याडम, तुमच्या मशीनला नाही म्हणता येतं का?”

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत, सकाळी साडेआठला, बाबरताईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, प्रवास कसा झाला नाही. माझ्या एका हातात चहा होता आणि तोंडात टोस्ट.

मी टोस्ट गिळला. “येतं की. चुकीची मागणी आली तर सरळ परत पाठवतं. ते तपासणारा प्रोग्राम मीच लिहिलाय.”

“तुम्ही स्वतः?”

“मी स्वतः.”

“मग त्या दिवशी का गप्प बसलं ओ?”

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि माझं काही चुकल्याचं मला शेवटचं सातवीत कुणीतरी सांगितलं होतं. पुण्यात आमची चौदा माणसांची कंपनी. दवाखाने, रक्तपेढ्या यांच्या नोंदी सांभाळणारं एक काळं खोकं आम्ही बनवायचो. खोक्याच्या आत डिस्क, आणि डिस्कवर कुठं काय ठेवायचं हे बघणारी फाइल सिस्टिम माझी. म्हणजे कंपनीचीच, पण मी माझीच म्हणायची, आणि कुणी हरकत घ्यायचं नाही.

मी मिरजेला आले होते ती बाबरताईंच्या चौकशीसाठी. अकरा वाजता समिती बसणार होती. मंदाकिनी बाबर, सव्वीस वर्षं याच रक्तपेढीत टेक्निशियन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आरोप असा की ओ निगेटिव्ह रक्ताच्या पिशवीची नोंद त्यांनी बी पॉझिटिव्ह म्हणून केली. पिशवी बाद करावी लागली, ओ निगेटिव्ह दुसरं मिळेना, एका बाईचं ऑपरेशन चार दिवस पुढं गेलं आणि नातेवाइकांनी दवाखान्यात तमाशा केला. चूक सिद्ध झाली की ताईंना घरी बसवणार हे ठरल्यासारखंच होतं.

आणि सिद्ध करणार होते मी. पुण्यात बसून दोन पानांचा रिपोर्ट लिहिला होता. शेवटचं वाक्य मला पाठ होतं, कारण ते मला फार आवडलं होतं: ‘सदर प्रणालीत अर्धवट नोंद होणे शक्य नाही; सबब चूक नोंद करणाऱ्या व्यक्तीची आहे.’ ‘सबब’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला होता.

“ताई,” मी म्हणाले, “ते गप्प बसलं, कारण त्याला चुकीचं काही दिसलं नाही. मी सगळा इतिहास तपासलाय. एकही एरर नाही. वीज आल्यावर तुम्ही नोंद पुन्हा केली असेल, गडबडीत गट चुकला असेल. होतं असं माणसाचं.”

“माणसाचं होतं,” त्या म्हणाल्या. “माझं होत नाही.”

मला हसूच आलं. कारण हे वाक्य माझं होतं. मी घरी, ऑफिसात, रिक्षावाल्यालासुद्धा हेच सांगायची.

“या, दाखवते,” म्हणून त्या मला आत घेऊन गेल्या. आत शमशाद मुजावर बसल्या होत्या, ताईंच्या जोडीदारीण, चाळिशीच्या. दोघींची एक रीत होती. पिशवीवर लेबल चिकटवायच्या आधी एकीनं लेबल मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं हातानं लिहिलेल्या रजिस्टरवर बोट ठेवून ऐकायचं, आणि प्रत्येक गोष्टीला ‘बरोबर’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. मुंडी हलवलेली चालायची नाही, तोंडानं म्हणायचं. मध्ये फोन आला, कुणी हाक मारली, शिंक आली तरी लेबल अख्खं फाडायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

“शिंक आली तरी?” मी विचारलं.

“शिंक आली तरी,” शमशाद म्हणाल्या. “मला सर्दी झाली की ताई मला सुट्टी देतात.”

“आणि फाडलेली लेबलं?”

ताईंनी कपाटातून एक जाड वही काढली. पानापानावर फाटक्या लेबलांचे तुकडे डिंकानं चिकटवलेले. शेजारी वेळ, कारण आणि दोघींच्या सह्या. ‘फोन.’ ‘डॉक्टरांनी हाक मारली.’ ‘मांजर आलं.’ अशा सतरा वह्या होत्या. मी मनात म्हटलं, बाई भलतीच छांदिष्ट आहे.

“ह्यो तो मंगळवार.” त्यांनी पान उघडलं.

त्या दिवशी त्यांनी ओ निगेटिव्हची नोंद करून बटण दाबलं, लेबल छापायला लागलं आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली. लेबल अर्धंच बाहेर आलं: पिशवीचा नंबर, रक्तदात्याचं नाव आणि ‘ओ निगे’. रीतीप्रमाणे त्यांनी ते फाडून वहीत चिकटवलं. अकरा बेचाळीस. जनरेटर सुरू झाल्यावर लेबल पुन्हा छापलं. ताईंनी वाचायला घेतलं, “बी पॉझिटिव्ह,” आणि शमशाद म्हणाल्या, “नाही.” तेही लेबल फाडून वहीत. पिशवी बाजूला ठेवून ताईंनी स्वतः लेखी कळवलं.

“म्हणजे तुम्हीच पकडलं?”

“मग कोण पकडणार? आम्ही नाही म्हणालो म्हणून तर चौकशी लागली! गपगुमान ओ निगेटिव्ह हातानं लिहून चिकटवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

“पण ताई, हे पहिलं लेबल काहीच सिद्ध करत नाही. वीज आल्यावर तुम्ही पुन्हा—”

“पुन्हा काही केलं नाही. छाप म्हटलं फक्त. आणि म्याडम, गट मी चुकवला म्हणा हवं तर. तारीख पण मीच चुकवली का?”

“कसली तारीख?”

त्यांनी दुसऱ्या लेबलाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. रक्त किती दिवस चालेल त्याची मुदत. त्या मंगळवारी, आदल्याच दिवशी घेतलेल्या रक्तावर, मुदत छापली होती महिन्यापूर्वीच संपलेली.

“ही तारीख आम्हाला टाकताच येत नाही,” ताई म्हणाल्या. “ती तुमचं मशीन काढतं.”

“हे तुम्ही समितीला सांगितलं का?”

“सांगायला गेले तर म्हणाले, कंपनीचा रिपोर्ट आलाय, आता बसा.”

मी लॅपटॉप उघडला. रक्तपेढीच्या खोक्यातला इतिहास पुन्हा काढला, यावेळी एरर न शोधता. त्या पिशवीची नोंद त्या दिवशी किती वेळा झाली? एकदा. अकरा बेचाळीस. वीज आल्यावर कुणी काहीही टाइप केलेलं नव्हतं. हे मला पुण्यातच दिसलं असतं. पण मी एरर किती एवढंच बघितलं होतं, आणि शून्य दिसल्यावर खूश होऊन ‘सबब’ लिहायला घेतलं होतं.

मग पुढचं पण मला कळलं. खरं सांगायचं तर आठवलं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

डिस्कवर खण असतात असं समजा. एक नोंद एका खणात बसली तर ती एका दमात लिहिली जाते. वीज गेली तरी एकतर सगळी नवी, नाहीतर सगळी जुनी. पण तीच नोंद अर्धी या खणात, अर्धी त्या खणात आली की दोन दमांत लिहावी लागते. मध्येच वीज गेली तर पुढचा अर्धा भाग नवा आणि मागचा अर्धा भाग त्या जागी आधी होत्या त्या जुन्या नोंदीचा. म्हणजे नाव एकाचं आणि रक्तगट दुसऱ्याचा. म्हणून ‘एका दमात लिही’ अशी मागणी आली की फाइल सिस्टिमनं आधी तपासायचं: लांबी बरोबर आहे का, खणाच्या कडेपासून सुरू होते का, एका खणात मावते का. तिन्हींना हो असेल तर लिहायचं. एकालाही नाही असेल तर परत पाठवायचं, की बाई, हे मला एका दमात जमणार नाही, तुझं तू बघ.

मी सुरुवातीला अगदी असंच लिहिलं होतं. मग या चौकशीच्या तीन वर्षं आधी एका मोठ्या दवाखान्यात आमचं प्रात्यक्षिक होतं, आणि डॉक्टरांसमोर पडद्यावर सहा वेळा ‘मागणी नाकारली’ असं लाल अक्षरांत आलं. परतताना गाडीत आमचे मालक हेरंब सर म्हणाले, “देवयानी, गिऱ्हाइकाला नकार दिसता कामा नये.” मी म्हणाले, नोंदींची मांडणी बदलावी लागेल, महिना लागेल. ते म्हणाले, सोमवारी दे.

मी सोमवारी दिलं. मावत नाही अशी मागणी आली की परत पाठवायची नाही. गुपचूप दोन तुकडे करून लिहायची आणि ‘झालं’ म्हणून कळवायचं. वर शेरा टाकला, ‘तात्पुरतं’. नकार शून्यावर आले. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘शून्य नकार’. ते छापलेले चहाचे मगही काढले, त्यातला एक माझ्या टेबलावर होता. तीन वर्षं काही झालं नाही, कारण नोंदी छोट्या होत्या, खणात मावायच्या. गेल्या महिन्यात आम्ही नोंदीत रक्तदात्याच्या अंगठ्याचा ठसा घातला आणि नोंद वाढून खणात मावेनाशी झाली. रिपोर्ट लिहिताना मी ते तात्पुरतं प्रकरण विसरले होते असं म्हटलं तर खोटं होईल. ते आठवून बघावं असं मला वाटलंच नाही.

“काय झालं ओ?” ताई म्हणाल्या. “पाणी देऊ का?”

“पाणी नको. साडेनऊ झालेत. माझ्या गाडीत एक जादा खोकं आहे, ते आणते. आपल्याला प्लग ओढायचाय.”

दीड तास होता, आणि मी एकदा कामाला लागले की मला आवरणं कठीण. खोकं लावलं. त्यात शमशादबाईंच्या नावाची एक जुनी नोंद केली, ए पॉझिटिव्ह, मुदत संपलेली. मग त्याच जागी ताईंच्या नावाची नवी नोंद पुन्हापुन्हा लिहीत राहील असं लावून दिलं. प्लगवर ताईंना बसवलं.

“मी म्हटलं की ओढायचा.”

“मोडलं तर?”

“माझं आहे. मोडू दे.”

पहिल्यांदा ओढला, नोंद सगळी जुनी. दुसऱ्यांदा, सगळी नवी. नऊ वेळा असंच झालं. शमशाद म्हणाल्या, “चांगलंच आहे की ओ हे मशीन.” मी म्हणाले, “थांबा.” चौदाव्या वेळी लेबल छापून बाहेर आलं तेव्हा ताईंनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“मंदाकिनी बाबर.”

“बरोबर,” शमशाद म्हणाल्या.

“ए पॉझिटिव्ह.”

“नाही! तो माझा गट. तुमचा बी.”

“मुदत...” ताई थांबल्या आणि एकदम खो खो हसायला लागल्या. “शमे, माझी मुदत संपली म्हणतंय गं हे!”

त्या हसता हसता खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. तीन आठवडे त्या बाईला सगळी रक्तपेढी निष्काळजी समजत होती. घरी नवरा म्हणाला होता, तुझ्या हातून झालं असेल, वय झालं आता. त्यांनी हे मला आधी सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं.

पावणेअकराला मी बाहेर येऊन हेरंब सरांना फोन लावला.

“सर, चूक आपली आहे. माझी आहे. शून्य नकारवाली.”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग, “तुला खात्री आहे?”

“लेबल हातात आहे.”

“हे बघ, देवयानी. दुरुस्त करू. आजच सगळीकडे दुरुस्ती पाठवू. पण तिथं तू फक्त रिपोर्ट वाच आणि ये. अकरा रक्तपेढ्यांत आपली खोकी आहेत. त्या बाईंना दोन वर्षंच राहिलीत, त्यांना आपण बाहेरून काहीतरी... बघू.”

“सर, मी तुम्हाला विचारायला फोन नाही केला. सांगायला केलाय.”

“शहाणी आहेस फार.”

“ते तर आहेच,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

समितीत रक्तपेढीचे डॉ. उपाध्ये आणि ट्रस्टचे दोन विश्वस्त. ताई भिंतीकडेच्या खुर्चीवर, मांडीवर ती वही. उपाध्ये डॉक्टर नीटस माणूस, पेनचं टोपण लावून काढून पुन्हा लावायचे.

“तुमचा रिपोर्ट आम्ही वाचलाय,” ते म्हणाले. “स्पष्ट आहे. तुम्हाला काही भर घालायची असेल तर दोन मिनिटं.”

“भर नाही. रिपोर्ट चुकीचा आहे.”

टोपण हातातच राहिलं.

“बाबरताईंनी नोंद बरोबर केली होती. एकदाच केली होती. आमच्या मशीननं ती दोन तुकड्यांत लिहिली, मध्ये वीज गेली, आणि एका पिशवीला दुसऱ्या पिशवीचा गट आणि दुसऱ्या पिशवीची मुदत लागली. मशीननं ती मागणी नाकारायला हवी होती. नाकारली नाही, कारण नाकारायची ओळ मी काढून टाकली होती.”

“मशीननं की तुम्ही?”

“मशीन मी सांगते तेवढंच करतं, डॉक्टर.”

मी वहीतला मंगळवार दाखवला, इतिहासातली अकरा बेचाळीसची एकुलती एक नोंद दाखवली, आणि सकाळी प्लग ओढून छापलेलं ताईंचं मुदत संपलेलं लेबल पुढं ठेवलं. डॉक्टरांनी दोन्ही चुकीच्या लेबलांवरची तारीख तीन-तीनदा वाचली.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” ते ताईंवर जरा चिडूनच म्हणाले.

“तुम्ही बसा म्हणालात,” ताई म्हणाल्या.

एक विश्वस्त खाकरले. “पण तुमच्याच रिपोर्टात ‘शक्य नाही’ असं लिहिलंय की.”

“ते वाक्य माझं आहे. न तपासता लिहिलं. आत्ता हातानं दुसरं लिहून सही करून देते.”

“तुमच्या कंपनीची याला मान्यता आहे?”

“कंपनीला कळवलंय.”

मी लिहिलं. ‘सदर प्रणालीत अर्धवट नोंद झाली. चूक प्रणालीची व ती लिहिणाऱ्या व्यक्तीची आहे. श्रीमती बाबर व श्रीमती मुजावर यांनी ती पकडली.’ यावेळी ‘सबब’ घातला नाही. डॉक्टरांनी कागद वाचला, चौकशी रद्द असा शेरा मारला, आणि मग खुर्चीवरून उठून ताईंना म्हणाले, “बाबर, ऐकून घ्यायला पाहिजे होतं मी.” ताईंनी मान हलवली. तोंडानं ‘बरोबर’ म्हणाल्या नाहीत, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

त्याच दुपारी मी तिथूनच ती काढलेली ओळ परत घातली आणि अकराही ठिकाणी पाठवली. आठवडाभर सगळीकडून लाल अक्षरांबद्दल शिव्यांचे फोन आले. चार रक्तपेढ्यांनी आमचं खोकं परत केलं. हेरंब सरांनी मला काढलं नाही, कारण मांडणी नीट करणारी मीच होते, पण दोन महिने ते माझ्याशी चिठ्ठीनं बोलले. पुढं ती मांडणी मी अशी केली की आजही तिच्यात बोट दाखवायला जागा नाही. शंका असेल त्यानं प्लग ओढून बघावा. ऑपरेशन लांबलेली बाई बरी होऊन घरी गेली. ताई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या, वेळेवर, हार-नारळ घेऊन.

पण त्या दिवशीचं एक राहिलंच. समिती उठली, आणि मी रिपोर्टाची ती दोन पानं पर्समध्ये कोंबत होते. ताई म्हणाल्या, “ओ म्याडम. ते तसं न्यायचं नाही.”

“मग?”

त्यांनी वही टेबलावर उघडली आणि डिंकाची बाटली माझ्याकडं सरकवली.

मी रिपोर्ट फाडला. अख्खा. तुकडे पानावर चिकटवले. ‘सबब’ नेमका वरच आला. वेळ घातली, बारा वाजून दहा. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. वर ‘फोन’ होतं, ‘मांजर’ होतं. मग लिहिलं, आणि वही ताईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. शमशादबाई समोर उभ्या राहून ऐकू लागल्या.

“देवयानी मुतालिक.”

“बरोबर.”

“बारा दहा.”

“बरोबर.”

“कारण: नाही म्हणायचं होतं, म्हटलं नाही.”

शमशादबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मुंडी हलवली.

“तोंडानं, म्याडम,” ताई म्हणाल्या.

“बरोबर,” मी म्हणाले.